कर्वेनगरातले बारा गड्डे : घरच्या बागेतल्या अ‍ॅस्परॅगसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कर्वेनगरमधला साडेतीन गुंठ्यांवरचा जुना बंगला. घरात साठी ओलांडलेले काका आणि काकू, दोघंच. मुलगी बऱ्याच वर्षांपासून जर्मनीत नोकरीला. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. काका बँकेतून निवृत्त झाले आणि बागेत रमले. शेवगा, कढीपत्ता, अळू, पूजेपुरती जास्वंद आणि तगर, असा आपल्याकडचा नेहमीचा संसार.

अ‍ॅस्परॅगसचं खूळ मुलीकडून आलं. ज्याचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात आणि जे एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं, असं हे पीक. जर्मनीत एप्रिलच्या मध्याला पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा, म्हणजे तिकडच्या श्पार्गेलचा, हंगाम सुरू होतो आणि प्रथेप्रमाणे २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, संपतो. त्यानंतर कोंब कापायचे नाहीत. उरलेल्या उन्हाळ्यात झाडाला पुढच्या वर्षाची बेगमी करू द्यायची. काका-काकू एका मे महिन्यात मुलीकडे राहून आले आणि पंधरा दिवस हेच खाऊन आले. "शेवग्याच्या शेंगेची लाडावलेली बहीण," हे काकूंचं वर्णन. काकांना मात्र ती २४ जूनची शिस्त फार आवडली. आपल्याकडे असं कुणी थांबतं का, हा त्यांचा प्रश्न मी पुढे तीन वर्षं ऐकला.

परत आल्यावर त्यांनी एका रोपवाटिकेतून "अ‍ॅस्परॅगस" म्हणून दोन कुंड्या आणल्या. वर्षभर खत-पाणी केलं, पण खाण्याजोगा कोंब काही येईना. ते शोभेचं अ‍ॅस्परॅगस होतं. फांद्या कमानीसारख्या खाली झुकलेल्या, त्यांवर बारीक काटे, पानं चपट्या सुयांसारखी आणि कुंडी उलटी केली तर मुळांना पाण्याने भरलेले पांढरट गोळे. हारवाले गुच्छात घालतात ते याचंच नात्यातलं. खायच्या अ‍ॅस्परॅगसला काटे नसतात, त्याचा पिसारा बडीशेपेच्या झाडासारखा मऊ असतो आणि मुळं लांब, दोरीसारखी. फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, कारण दोघांचं कुळ एकच आणि बाजारातलं नावही एकच. आपली शतावरीसुद्धा त्याच कुळातली. काकूंच्या भावजयीने तर "शतावरीच ना ती? बाळंतिणीला कल्प देतात ती?" म्हणून विषयच संपवला होता. पण शतावरीची मुळं औषधी आणि वेल काटेरी. तिचे कोंब आपण या पिकासारखे मोठाले कापून भाजीला घेत नाही.

मग मुलीने सुचवलं की तिकडचे गड्डे बॅगेतून आणते. इथे काकांनी ठाम नकार दिला तो बरा. परदेशातून लावणीचं काहीही आणायचं तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. चॉकलेटच्या डब्यात दडवून आणलेल्या गड्ड्यासोबत कोणती बुरशी येईल हे सांगता येत नाही.

शेवटी मार्च २०२२ मध्ये हिमाचलमधल्या एका विक्रेत्याकडून एक वर्ष वयाचे बारा गड्डे कुरिअरने आले. गड्डा म्हणजे इंग्रजीतला क्राउन. मधे बोटभर खोड, त्यावर फुगीर डोळे आणि चारी बाजूंना लोंबणारी वीतभर मुळं. वाळलेला कोळी दिसतो तसं. काकांनी इंटरनेटवरचे पाच-सहा व्हिडिओ पाहून ठेवले होते. सगळ्यांत एकच कृती होती : आठ इंच खोल चर खणा, तळाशी मातीचा उंचवटा करा, त्यावर गड्डा बसवून मुळं दोन्हीकडे पसरा, दोन इंच माती टाका आणि कोंब वर येतील तसतशी चर भरत जा. काकांनी मोजपट्टी लावून, सुतळी ताणून, तसंच केलं.

नेमकं काय बिघडलं होतं

मला फोन आला तो सप्टेंबरात. "ताई, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. बारा होते, पाच राहिलेत. त्यातले दोन पिवळे पडतायत."

हिशेब असा निघाला. दोन गड्डे कधी फुटलेच नाहीत, कुरिअरमध्येच सुकले असावेत. दहा एप्रिलमध्ये छान फुटले. मेच्या उन्हातही तग धरून राहिले. जूनअखेर पाऊस लागला आणि जुलैत एकेक पिसारा पिवळा पडत गेला. काकांना वाटलं, खत कमी पडतंय. त्यांनी आधी जीवामृत घातलं, मग दाणेदार रासायनिक खत. ऑगस्टमध्ये पाच झाडं आडवी झाली.

मी गेले त्या दिवशी दोन दिवस उघडीप होती, तरी चरीत बोटभर पाणी उभं होतं. कोंब वाढतील तशी चर भरायची, या सूचनेमुळे जून उजाडला तेव्हा ती अजून तीन इंच रिकामी होती. म्हणजे बागेतल्या सगळ्यात खोलगट जागी काकांनी सगळ्यात महागडं पीक लावून ठेवलं होतं. भरीला गच्चीच्या पाण्याचा पाइप तिथून सहा फुटांवर मोकळा सुटलेला.

मेलेल्यांपैकी एक गड्डा खुरप्याने अलगद उकरला. हे प्रत्येकाने एकदा हाताने करून पाहावं. मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येत होती आणि आत फक्त एक दोरा. सालीच्या पोकळ नळीतून तपकिरी पाणी निथळलं. वास साठलेल्या फुलदाणीच्या पाण्याचा. गड्ड्याचं खोड उभं चिरलं तर आत विटकरी रेघा. ही फ्युझॅरियम बुरशीने होणाऱ्या कुजीची खूण. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि एकदा गड्ड्यात शिरली की औषध नाही. जिवंत झाडाचं एक मूळ तपासलं. ते टणक होतं, नखाने खरवडल्यावर आत पांढरं स्वच्छ. पाचांपैकी तीन असे, दोन अर्धेमुर्धे.

खत देऊन काकांनी काही वाचवलं नाही, उलट गुदमरलेल्या मुळांवर खतातल्या क्षारांचा भार घातला. पण त्यांचं निदान समजण्यासारखं होतं. पिवळं पान दिसलं की खत, ही आपल्या सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया.

मग आम्ही जे मार्चमध्ये व्हायला हवं होतं ते केलं. चरीपासून थोडं दूर फूटभर खोल खड्डा घेतला, पाण्याने भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि त्यात पट्टी उभी केली. पाणी तासाला इंचभर तरी उतरायला हवं. सकाळी दहाला भरलेला खड्डा दुपारी चारला जेमतेम दोन इंच उतरला होता. खाली का जात नाही म्हणून पहार मारली, तर दीड फुटावर खणकन वाजलं. बंगला बांधताना उरलेला राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गुठळ्या, सगळं दाबून वर काळ्या मातीचा भराव टाकलेला होता. पुण्यातल्या निम्म्या बंगल्यांच्या बागा अशाच उभ्या आहेत. काळी माती आधीच पाणी धरून ठेवणारी आणि तिच्या खाली हा तवा. पुण्याचा पाऊस तसा बेताचा, वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो आणि तेवढे चार महिने ही बाग म्हणजे बशी.

काकांना खरा धक्का वेगळाच बसला. "म्हणजे चर खणायचीच नाही? सगळे तर खणतात."

सगळे खणतात, कारण सगळे थंड मुलखातले आहेत. तिथे जमीन गोठते, गड्डा खोल असला तर हिमापासून वाचतो. तिथल्या भुसभुशीत वाळूमिश्रित जमिनीत खोलवर ओल टिकते. शिवाय गड्डा दरवर्षी थोडा थोडा वर सरकतो, म्हणून सुरुवात खालून करायची. यातलं पहिलं कारण पुण्यात लागूच नाही, दुसरं उलटं लागू आहे आणि फक्त तिसरं खरं आहे. गड्ड्यावर पाच-सहा इंच माती हवी हे बरोबर. पण ती उंची इथे खणून मिळवायची नाही, वर रचून मिळवायची.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे तिथेच ठेवून पाण्याला वाट काढून देणं. खर्च शून्य, मुळांना धक्का नाही. पण बुरशी त्याच मातीत राहणार आणि पुढच्या जूनला हीच कथा.

दुसरा, लगेच उपसून दुसरीकडे लावणं. काकांचा कल इकडे होता, माणूस बुडताना दिसला की हात धरून ओढावंसं वाटतंच. मला भीती होती ती चिखलात मुळं तुटण्याची. ओल्या काळ्या मातीतून अ‍ॅस्परॅगसची मुळं अख्खी निघत नाहीत आणि प्रत्येक तुटलेलं टोक म्हणजे बुरशीला उघडं दार.

तिसरा, आता फक्त पाणी काढायचं, नोव्हेंबरात माती वाफशावर आली की हलवायचं. यात आणखी दोन झाडं जाण्याची जोखीम होती.

चौथा पर्याय काकूंचा. "सोडा की आता नाद. मंडईत मिळतं म्हणतात, वर्षातून दोनदा आणू." मी हा पर्याय गांभीर्याने मांडला होता, कारण पाच झाडांसाठी पक्का वाफा बांधणं हिशेबात बसत नाही हे खरंच होतं. शिवाय हे पीक एकदा बसलं की पंधरा वर्षं जागा अडवतं. तेवढ्या जागेत काकूंची मेथी, कोथिंबीर आणि वांगी वर्षभर निघाली असती. आणि बंगल्याच्या जागी इमारत बांधण्याची बोलणी शेजारच्या दोन प्लॉटवर सुरू झाली होती, ती उद्या इथेही येणार हे सगळ्यांना दिसत होतं.

काका ऐकून घेऊन म्हणाले, "पंधरा वर्षांचं कोण बघतंय? मला तिसऱ्या वर्षाचं बघायचंय." निर्णय तिथेच झाला. तिसरा पर्याय, आणि जोडीला बियाणं. मेलेल्या सात जागा भरायला पुन्हा गड्डे मागवण्याऐवजी जुन्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी ट्रेमध्ये लावायचं. बियांपासून एक वर्ष जास्त लागतं, पण रोप इथल्याच हवेत वाढतं आणि बाहेरची मुळकूज विकत आणली जात नाही.

काय केलं

त्याच दुपारी चरीचं खालचं टोक फोडून फाटकाकडच्या उताराला जोडलं. गच्चीच्या पाइपला दहा फूट तुकडा जोडून पाणी दुसरीकडे नेलं. चरीतलं कुजलेलं पाचट काढलं. ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात तेवढ्यानेच पाचही झाडं तगली. खरं सांगायचं तर मला तीनचीच आशा होती.

नवा वाफा पूर्वेच्या भिंतीलगत घेतला, जुन्या चरीपासून वीस फूट दूर आणि शेवग्याच्या सावलीबाहेर. बारा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. कडेला घराच्या मागे पडून असलेल्या जुन्या शहाबादी फरशा उभ्या गाडल्या. भरायला पाऊण ब्रासला थोडी कमी माती लागली : दोन भाग बागेतलीच काळी माती, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. तळाशी खडीचा थर द्यायचा मोह मी काकांना आवरायला लावला. निचरा होईल असं वाटतं, पण बारीक मातीखाली खडी आली की पाणी त्या सीमेवर अडतं आणि वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय खाली उतरत नाही. त्याऐवजी वाफ्याखालचा राडारोड्याचा तवा पहारीने सात-आठ ठिकाणी फोडला. या एका कामाला दोन माणसांचा अख्खा दिवस गेला.

माती चाळताना लव्हाळ्याच्या गाठी वेचायला काकूंनी दोन दुपारी दिल्या. हे काम कंटाळवाणं असतं, पण टाळता येत नाही. एकदा गड्डे बसले की पंधरा वर्षं तिथे कुदळ चालवता येत नाही आणि लव्हाळा तर कुदळीशिवाय जात नाही. काकांना एका जुन्या बागकाम पुस्तकात तणावर मीठ टाकायचा उपाय सापडला होता. अ‍ॅस्परॅगस खारं सहन करतं, तण करत नाही, म्हणून तिकडे पूर्वी तसं करत. आपल्या काळ्या मातीत, बोअरच्या जड पाण्यावर, मीठ म्हणजे माती कायमची बिघडवणं. तो कागद काकूंनी रद्दीत घातला. चुन्याची काळजी मात्र करायची नव्हती. किंचित अल्कधर्मी माती या पिकाला चालते, आम्लधर्मी चालत नाही. पुण्याची माती आणि हे पीक यांचं एवढं एकच गोत्र जुळतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गड्डे हलवले. प्रत्येकाभोवती फूटभर लांबून कुदळ घालून मातीच्या गोळ्यासकट उचलला. मऊ पडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापली, उरलेली ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीच्या पाण्यात बुडवली. ट्रायकोडर्मा झालेली कूज बरी करत नाही, फार तर नव्या जागी आपल्या बाजूचा पहारेकरी आधी बसवतो. दीड-दीड फूट अंतर ठेवून, मातीच्या उंचवट्यावर मुळं पसरून, वर पाच इंच माती एकदाच पूर्ण भरली. हळूहळू भरायचं नाटक नाही.

इथे माझी एक चूक झाली. हलवताना मी पिसारा वीतभर ठेवून छाटायला सांगितलं. थंड मुलखात त्या सुमारास पिसारा वाळलेलाच असतो आणि छाटणं हा रिवाज असतो. कर्वेनगरात तो हिरवागार होता. हिरवा पिसारा म्हणजे गड्ड्याचं स्वयंपाकघर. तो बंद केला आणि पुण्याच्या डिसेंबरातल्या उबदार दुपारी झाडांनी साठवणीतलं खाऊन लगेच नवे कोंब काढले, काडीपेटीतल्या काडीएवढे. ज्या गड्ड्यांना विश्रांती हवी होती त्यांना मी उपाशीपोटी कामाला लावलं. एक अख्खं वर्ष यात मागे गेलं असं माझं मत आहे. काकांना चर हिमासाठी असते असं समजावणाऱ्या मी स्वतः छाटणी कशासाठी असते हे तपासलं नव्हतं.

२०२३ मध्ये काहीच कापलं नाही. पावसाळ्यात मोठ्या शंखी गोगलगायींनी कोवळे कोंब खाल्ले, त्या काकांनी रात्री बॅटरी घेऊन बादलीत वेचल्या. एकदा घुशीने वाफ्याची कड पोखरली. पाणी मात्र एकदाही साचलं नाही. फेब्रुवारीत ट्रेमध्ये लावलेलं बी तीन आठवड्यांनी उगवलं आणि डिसेंबरात त्यातली सहा रोपं रिकाम्या जागी बसली.

जानेवारी २०२४ मध्ये मुलगी आली आणि मी नको म्हणूनही काकूंनी दहा कोंब कापले. "अहो, कलमी आंबासुद्धा एवढी वाट बघायला लावत नाही." झाडामागे दोन कोंब, त्याने काही बिघडत नाही. महिनाभर कापत राहिल्या असत्या तर बिघडलं असतं, कारण प्रत्येक कोंब म्हणजे पुढचा पिसारा.

झोपवायचं की नाही

खरा पेच २०२४ च्या शेवटी आला आणि यावर कुठलाच व्हिडिओ उपयोगी पडला नाही. थंड देशात हिवाळा झाडाला झोपवतो. पिसारा वाळतो, सगळा साठा गड्ड्यात उतरतो आणि वसंतात एकदम जाड कोंब येतात. पुण्याची डिसेंबर-जानेवारीची पहाट बारा अंशांच्या आसपास जाते, दुपार अठ्ठावीस-तिशीला टेकते. झाड धड झोपत नाही, धड जागत नाही. वर्षभर एखाद-दुसरा बारीक कोंब येत राहतो आणि कापावं असं कधीच काही नसतं.

दोन रस्ते होते. थायलंड, तैवानसारख्या उष्ण देशांत झोपवण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. झाडावर तीन ते पाच जाडसर काड्या आईसारख्या कायम राखतात, त्या गड्ड्याला पोसतात आणि भोवती येणारे नवे कोंब कापत राहतात. दुसरा रस्ता पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावरचा : पाणी तोडून झाडाला सक्तीची विश्रांती द्यायची, मग पाणी सोडून उठवायचं.

हे सांगताच काका खुर्चीतून पुढे सरकले. "म्हणजे ताण द्यायचा. बहार धरायचा." त्यांच्या मामांची डाळिंबाची बाग होती. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडतात, पानं पिवळी पडू देतात, मग खत घालून पाणी सोडतात. मी तासभर जे समजावणार होते ते त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

आई-काड्यांच्या पद्धतीचा फायदा असा की कोंब महिनोन्महिने मिळतात. तोटा असा की रोज लक्ष द्यावं लागतं आणि पावसाळ्यातही कापत राहिलं तर जखमांतून काडीवरचे करपे शिरतात. ताणाचा फायदा म्हणजे तीन-चार आठवड्यांत सगळं आटोपतं, आणि तेही उन्हाळ्याआधी. तोटा, ताण जास्त झाला तर अशक्त गड्डा उठतच नाही. पाचपैकी दोन झाडं जुनी आजारी होती. म्हणून चार झाडांना ताण द्यायचा आणि सगळ्यात अशक्त पाचव्यावर आई-काड्या राखायच्या असं ठरलं. त्या टोकाचं ठिबक वेगळं चालू ठेवलं. बियांची सहा रोपंही त्याच ओळीवर होती, त्यांना अजून वर्षभर हात लावायचा नव्हता.

१० डिसेंबरला पाणी तोडलं. काळ्या मातीत ओल मुरलेली, त्यामुळे दहा-बारा दिवस काहीच झालं नाही आणि काका अस्वस्थ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पिसारा निम्म्याहून जास्त पिवळा झाला. तीन झाडं सोनेरी, चौथं हट्टाने हिरवं. पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं की कापायचं? थांबलो असतो तर कोंब फेब्रुवारीच्या शेवटी आले असते. ऊन तीस अंशांपुढे गेलं की कोंबाचं टोक वीतभर उंचीच्या आतच पिसाऱ्यासारखं उकलतं आणि बुंधा दोरा होतो. म्हणून १२ जानेवारीला तीन झाडं जमिनीलगत कापली, चौथं आठवडाभर मागे ठेवलं. वर बोटभर शेणखत आणि मग पोटभर पाणी.

निष्पत्ती

अकराव्या दिवशी पहाटे काकांनी फोटो पाठवला. माती भेगाळून एक जांभळट टोक वर आलेलं, करंगळीएवढं, त्यावर मातीचा कण जसाच्या तसा. शीर्षक नाही, काही नाही. दुपारी दुसरा फोटो, शेजारी मोजपट्टी : पाच इंच. थंडीत हा कोंब दिवसाला दोन बोटं वाढला असता. इथे सकाळी सोडलेला संध्याकाळी हाताबाहेर जातो, म्हणून दिवसातून दोनदा वाफ्याशी जावं लागलं.

कापणी तेवीस दिवस चालली. काकूंनी कॅलेंडरच्या मागे रोजचं वजन लिहिलं, बेरीज ६४० ग्रॅम. झाडं चार, त्यात एक उशिरा उठलेलं. दोन झाडांना आदल्या पावसाळ्यात लाल फळं लागली होती, म्हणजे ती माद्या. त्यांचे कोंब संख्येने कमी आले, ती ताकद फळांत गेली असणार. ती फळं पोटाला बाधतात, म्हणून शेजारची लहान मुलं यायची तेव्हा काकू ती खुडून टाकत. आई-काड्यांवर ठेवलेल्या झाडाने जूनपर्यंत मिळून वीसेक बारीक कोंब दिले. एकाच झाडावरून, तेही आजारी, कोणती पद्धत बरी हे ठरवता येत नाही.

थांबायचं कधी, यावर काकांना जर्मनांसारखी पक्की तारीख हवी होती. मी पेन्सिलचा नियम सांगितला : निम्म्याहून जास्त कोंब पेन्सिलपेक्षा बारीक यायला लागले की त्या दिवशी थांबायचं. १४ फेब्रुवारीला काकांनी स्वतः थांबवलं. काकूंना अजून आठवडाभर मिळालं असतं असं वाटत होतं आणि कदाचित मिळालंही असतं.

पैशांत पाहिलं तर हा व्यवहार वेडेपणाचा आहे. गड्डे, वाळू, खत, पहारीची मजुरी धरली तर ६४० ग्रॅमची किंमत विचारू नये. काकूंनी पहिल्या जुडीला मोहरी-तीळ-लसणाची फोडणी दिली. मुलगी व्हिडिओ कॉलवर बघत होती. "आई, लोणी!" असं ओरडली तोवर हळद पडली होती.

पुन्हा करायचं तर

पाण्याचा खड्डा मार्चमध्येच घेतला असता तर सात नाही, कदाचित दोनच गड्डे गेले असते. त्याला खर्च एका बादलीचा. लावणीचा महिनाही मी बदलेन. हिमाचलचे विक्रेते गड्डे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवतात, कारण तिकडची झोप तेव्हा संपते. आपल्याकडे तोच काळ उन्हाळ्याच्या तोंडाचा. बी घरी लावून वर्षाचे गड्डे नोव्हेंबर-डिसेंबरात वाफ्यात बसवले की त्यांना उन्हाळ्याआधी तीन महिने मुळं धरायला मिळतात. बियांच्या सहा रोपांपैकी सहाही आज उभी आहेत.

नोव्हेंबरात हिरवा पिसारा छाटला नसता, हे मी वर सांगितलंच. उजेड लागला नाही तर कोंब पांढरे राहतात, म्हणून काकांनी एका झाडावर काळी बादली पालथी घातली होती, ती मी दुसऱ्याच दिवशी काढायला सांगायला हवी होती. फेब्रुवारीच्या उन्हात आत भट्टी झाली आणि तीन कोंब शिजल्यासारखे लुळे पडले. उंच मातीची रास करून झाकलं असतं तर चाललं असतं.

जागेबद्दल मात्र मी गप्प बसायला नको होतं. शेजारच्या प्लॉटवरची बोलणी आता या बंगल्यापर्यंत आली आहेत. गेल्या महिन्यात काकांनी विचारलं, गड्डे पुन्हा हलवता येतील का? येतील. ताण देऊन पिसारा पिवळा पडला की, डिसेंबर-जानेवारीत. पण तोवर मुळं चहूबाजूंनी तीन-चार फूट पसरलेली असतील, निम्मी तुटतील आणि त्यानंतर दोन वर्षं कापायचं नाही. भाड्याच्या घराच्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये एकेक गड्डा ठेवता येईल, उत्पन्न कमी, पण झाड जगेल. काकांनी सहा ड्रमचा भाव काढला आहे. काकूंनी सांगितलंय की शोभेच्या अ‍ॅस्परॅगसच्या त्या पहिल्या दोन कुंड्याही सोबत येतील, गणपतीच्या आराशीला त्याच लागतात.